ट्रॅव्हल अवॉर्ड मागताना या चुका टाळा

वनस्पतिशास्त्राच्या परिषदांसाठी प्रवास अनुदान मागणारे अर्ज मी बरीच वर्षं वाचतोय. कधी निवड समितीत बसून, कधी 'सर, जरा नजर टाकाल का' म्हणून मेलवर आलेले, आणि तेही बहुधा डेडलाइनच्या आदल्या रात्री. संशोधन दरवर्षी नवं असतं, चुका मात्र त्याच.

सगळ्यात आधी पात्रता. 'विज्ञानात ज्यांचं प्रतिनिधित्व कमी आहे अशांसाठी' एवढं वाचलं की मंडळी अर्ज भरायला घेतात. पण कमी म्हणजे कुठे कमी? अमेरिकी सरकारी पैशांतून मिळणाऱ्या अवॉर्डांमध्ये हा शब्द वर्षानुवर्षं कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळ अमेरिकी अशा गटांसाठी वापरला गेला. आशियाई वंशाचे त्यात सहसा मोडत नाहीत, कारण तिथल्या विज्ञान-तंत्रज्ञानात त्यांचा वाटा लोकसंख्येतल्या वाट्याहून मोठा आहे. त्यामुळे 'मी परदेशात अल्पसंख्य आहे' हा मुद्दा तिथे चालत नाही. काही ठिकाणी कमी उत्पन्नाच्या देशातला अर्जदार हवा असतो, काही ठिकाणी घरातली शिकलेली पहिली पिढी, काही ठिकाणी छोट्या कॉलेजातला शिक्षक. व्याख्या जाहिरातीतच असते आणि ती दरवर्षी तशीच राहील असं नाही. बसत नसाल तर रडू नका, नवोदितांसाठीचं साधं अनुदान शोधा. अमेरिकन सोसायटी ऑफ प्लांट बायॉलॉजिस्ट्स १९२४पासून आहे, अशा जुन्या संस्था आपल्या वार्षिक परिषदेसाठी वेगवेगळ्या नावांनी मदत देतात. आणि हो, 'ट्रॅव्हल' दिसलं म्हणून कंपनी ऑफ बायॉलॉजिस्ट्स या जीवशास्त्राची नियतकालिकं काढणाऱ्या संस्थेच्या ट्रॅव्हलिंग फेलोशिपला परिषदेचा अर्ज करू नका. ती दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन काम करण्यासाठी आहे.

आता माझं दुखणं: तिकीट.

माझ्या ओळखीची एक विद्यार्थिनी अमेरिकेत पीएचडी करत होती, मुळांच्या वाढीवर. परदेशातल्या परिषदेसाठी तिला अवॉर्ड मिळालं. अभिनंदनाचा मेल आला त्याच रात्री तिने तिकीट काढलं. स्वस्त मिळालं म्हणून खूश. परत आल्यावर पावत्या जोडल्या आणि तिकिटाची रक्कम सरळ नामंजूर झाली. अवॉर्डचा पैसा सरकारी होता, आणि अशा पैशावर 'फ्लाय अमेरिका' नियम लागतो: प्रवास अमेरिकी विमान कंपनीच्या तिकिटावर हवा. युरोपीय संघाच्या आणि आणखी मोजक्या देशांच्या कंपन्यांना करारांमुळे सवलत आहे, तिची कंपनी त्यांत नव्हती. दुसरं तिकीट स्वस्त होतं, हे कारण मुळीच धरत नाहीत. चीड आणणारी गोष्ट पुढेच आहे. त्याच विमानातली जागा एक अमेरिकी कंपनी आपल्या उड्डाण क्रमांकाने विकत होती. तिकिटावर तो क्रमांक असता तर पैसे मिळाले असते. विमान तेच, खुर्ची तीच, फक्त तिकिटावरच्या क्रमांकातली, कंपनीची दोन अक्षरं वेगळी. नियम पत्राच्या तिसऱ्या पानावर लिहिलेला होता. पहिल्या पानावर अभिनंदन होतं, तिने तेवढंच वाचलं. पुढचे पाच महिने ती क्रेडिट कार्डाचे हप्ते फेडत होती.

तेव्हापासून माझी सवय अशी: पैसे भरण्याआधी प्रवासाचा तपशील आयोजकांना पाठवायचा, 'हे चालेल का?' एवढंच विचारायचं, आणि लेखी 'हो' आल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही. यात दोन दिवस जातात आणि भाडं वाढलं म्हणून पोरं कुरकुरतात. कुरकुरू देत. बहुतेक अवॉर्डं खर्च झाल्यावर परतफेड करतात, आगाऊ देत नाहीत, हेही आधीच विचारून घ्या. आगाऊची सोय असली तरी मागितल्याशिवाय कुणी देत नाही. बोर्डिंग पास जपा.

दुसरं दुखणं, निवेदन. अर्धं पान हालअपेष्टा, मग 'नेटवर्किंगची सुवर्णसंधी', मग आभार. परिस्थिती सांगू नये असं मी म्हणत नाही, या अवॉर्डांत ती महत्त्वाचीच असते. पण ती तुमच्या कामाला कुठे अडते ते सांगा. एका अर्जात होतं: 'आमच्याकडे कन्फोकल मायक्रोस्कोप नाही, म्हणून ऑक्झिनचं (वाढीच्या संप्रेरकाचं) वहन मी फक्त मुळांच्या वळण्यावरून ओळखते. या परिषदेतल्या प्रतिमांकनाच्या सत्रात मला तीन गटांना भेटायचं आहे.' चार ओळींत गरज, काम आणि बेत, तिन्ही आलं. समितीत वाद झाला नाही. हल्ली मित्राचा यशस्वी अर्ज घेऊन नावं बदलायची टूम आहे. गेल्या खेपेला एका अर्जात पीक बदललं होतं, पण जनुक मित्राचंच राहिलं होतं. मी स्वतः आधीच्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका उघडून बसतो: कोणतं सत्र, कोणाला भेटायचं, परत येऊन काय करायचं. ही तीन उत्तरं कागदावर हाताने लिहून झाली की मगच संगणक.

बाकीचं थोडक्यात. ॲब्स्ट्रॅक्टची, म्हणजे परिषदेत मांडायच्या कामाच्या सारांशाची, आणि अवॉर्डची मुदत बऱ्याचदा वेगळी असते, आणि ॲब्स्ट्रॅक्ट नसेल तर अवॉर्डचा अर्ज उघडूनही बघत नाहीत. शिफारसपत्र मागताना गाईडला तीन आठवडे द्या, सोबत अर्जाचा मसुदाही द्या. नोंदणी शुल्क अंदाजपत्रकात धरायला विसरू नका. मूल सोबत न्यायचं असेल तर पाळणाघराचा खर्च मागता येतो का ते विचारा, विचारण्यात कमीपणा नाही. व्हिसाचं पत्र अवॉर्डच्या निकालाची वाट न बघता मागून ठेवा.

आणि परिषदेत कुणाला द्यायला म्हणून बियांची पाकिटं बॅगेत टाकू नका. अरॅबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या रोपाची बी जेमतेम २० मायक्रोग्रॅमची, कोण बघतंय, असं वाटतं. परवानगी आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नसेल तर विमानतळावर ती जप्त होते, आणि तुमची रांग पुढे सरकत नाही. बी पोस्टाने, कागदपत्रांसह पाठवा. पोस्टर तेवढं हातात ठेवा.