वेन आकृती: आकडा बरोबर, जागा चुकीची

नववीत ‘संच’ शिकवताना सर्वेक्षणाची उदाहरणे आली की मुले धास्तावतात. वह्या तपासताना मात्र बेरीज-वजाबाकी चुकलेली क्वचितच दिसते. चुकते ती वेन आकृतीत आकडा लिहिण्याची जागा. या आकृतीत प्रत्येक गटाचे एक वर्तुळ असते, दोन-तीन गटांत असणारे लोक वर्तुळे एकमेकांवर येतात त्या भागात (छेदात) येतात, आणि सगळ्यांभोवती एकूण लोकांचा आयत असतो.

हे उदाहरण घ्या. 100 शेतकऱ्यांपैकी 50 जणांनी सोयाबीन, 45 जणांनी कापूस आणि 40 जणांनी तूर पेरली. सोयाबीन व कापूस 20, कापूस व तूर 15, सोयाबीन व तूर 18, तिन्ही पिके 8.

बहुतेक मुले पहिल्या वर्तुळाच्या मोकळ्या भागात 50 लिहून टाकतात. पण 50 हा अख्ख्या वर्तुळाचा आकडा आहे, ‘फक्त सोयाबीन’चा नव्हे. म्हणून सुरुवात नेहमी मधून करा. तिन्ही वर्तुळांच्या छेदात 8 लिहा. मग 20 मधून 8 वजा करून 12, तसेच 7 आणि 10. आता सोयाबीनच्या 50 मधून 12, 10 आणि 8 गेले की ‘फक्त सोयाबीन’ 20. याच रीतीने फक्त कापूस 18, फक्त तूर 15. सातही भागांची बेरीज 90 येते, म्हणजे 10 जणांनी यातले काहीच पेरले नाही.

‘सोयाबीन व कापूस 20’ यात तिन्ही पिकेवालेही धरलेले असतात. गणितात ‘फक्त’ असे लिहिले नसेल तर ‘फक्त’ मानू नका. ‘किमान दोन पिके’ विचारले की मुले 20, 15, 18 मिळवून 53 लिहितात. त्यात ते 8 जण तीनदा मोजले जातात. खरे उत्तर 12 + 7 + 10 + 8 = 37. ‘किंवा’ म्हटले तरी दोन्ही करणारे त्यात येतातच.

आयत काढायचा कंटाळा तर हमखास नडतो. 40 मुलांपैकी 28 क्रिकेट, 22 कबड्डी खेळतात, 5 काहीच खेळत नाहीत. दोन्ही खेळणारे किती? 50 मधून 40 वजा केले तर 10 येतात, आणि ते चूक. वर्तुळांत 35 च मुले आहेत, म्हणून 15. आयत काढून त्याच्या कोपऱ्यात आधी 5 लिहिले असते तर हे लगेच दिसले असते.

छेदाचा आकडा दिलाच नसेल तर तिथे ‘क्ष’ लिहा, बाकीचे भाग क्षच्या रूपात मांडा. एखाद्या भागात ऋण संख्या आली तर आकडेमोड पुन्हा करत बसण्याआधी उदाहरण पुन्हा वाचा. बहुधा एखादा ‘फक्त’ निसटलेला असतो.