केळी वेफर्सचा धंदा : उधारी, परतीचा माल आणि खाणाऱ्याचे समाधान

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, फैजपूर या पट्ट्यात केळी वेफर्सचा छोटा उद्योग सुरू करणे तुलनेने सोपे आहे, कारण कच्चे केळे जवळच मिळते. कठीण असते ते माल दुकानात पोहोचल्यापासून पैसे हातात येईपर्यंत तग धरणे. म्हणून नफ्याआधी खेळत्या भांडवलाचा हिशेब मांडावा. समजा, कर बाजूला ठेवून एका पाकिटाचा सगळा खर्च 32 रुपये येतो, दुकानदाराला ते 40 रुपयांना जाते आणि रोज 300 पाकिटे निघतात. केळी, तेल आणि मजुरी यांचे पैसे रोख द्यावे लागतात. माल सात दिवस गोदामात राहिला आणि दुकानदाराने तीस दिवसांनी पैसे दिले, तर 37 दिवसांचा खर्च, म्हणजे 3,55,200 रुपये, कायम बाहेर अडकलेले असतात. एवढी सोय नसताना नवी लाईन, म्हणजे माल पोहोचवण्याचा दुकानांचा नवा मार्ग, उघडली, तर विक्री वाढत असतानाच तेल घ्यायला पैसे उरत नाहीत.

उधारीची वही दुकानवार ठेवावीच, पण प्रत्येक रकमेपुढे ती किती दिवसांची आहे हेही लिहावे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, मोठ्या खरेदीदाराला माल देण्याआधीच करून घ्यावी. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा उत्पादकाचे पैसे देण्यासाठी ठरवलेली मुदत 45 दिवसांहून अधिक असू शकत नाही. गावातल्या किराणा दुकानदारापुढे मात्र कायदा काढण्यापेक्षा जुनी बाकी आल्यावरच नवा माल उतरवणे हे अधिक उपयोगी पडते.

आता परतीचा माल. तो बहुतेक जण निव्वळ नुकसान म्हणून एका ओळीत लिहून मोकळे होतात. माझ्या मते सगळ्या वहीत तीच नोंद सर्वांत बोलकी असते. वरच्याच उदाहरणात शंभरातली पाच पाकिटे परत आली आणि त्यांचे पैसे सोडावे लागले, तर शंभर पाकिटांवरचा 800 रुपयांचा नफा 600 वर येतो. पाच टक्के परतीने चौथा हिस्सा नफा खाल्ला. म्हणून प्रत्येक परत पाकिटाचा बॅच क्रमांक, दुकान, तारीख आणि कारण लिहावे. एकाच बॅचची पाकिटे निरनिराळ्या गावांतून खवट म्हणून आली, तर दोष तेलात किंवा पॅकिंगमध्ये शोधावा. निरनिराळ्या बॅचची पाकिटे एकाच दुकानातून आली, तर ते दुकान जाऊन पाहावे. वैशाखातल्या भुसावळच्या उन्हात दर्शनी भागात टांगलेली माळ लवकर खवट होते, आणि खाणारा दोष दुकानदाराला नव्हे, तर पाकिटावरच्या नावाला देतो.

दुकानदाराचे समाधान आणि खाणाऱ्याचे समाधान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जास्त कमिशन आणि लांब उधारी मिळाली की दुकानदार खूश असतो, त्यामुळे त्याची पहिली ऑर्डर फारसे काही सांगत नाही. न विचारता आलेली दुसरी आणि तिसरी ऑर्डर पाहावी आणि दर महिन्याला किती दुकानांनी पुन्हा माल मागवला हे मोजावे.

खाणाऱ्याला मात्र थेटच विचारावे लागते. तक्रारीसाठी पाकिटावर संपर्क छापणे नियमाने बंधनकारक आहेच. तो फोन उचलला जातो का, हे आधी तपासावे. ‘वेफर्स कसे वाटले?’ या प्रश्नाला आपल्याकडे माणसे भिडेखातर ‘चांगले’ म्हणतात. त्याऐवजी मागचे पाकीट कधी संपले, त्यानंतर काय घेतले आणि का, असे विचारावे; तेही धुळे-शिरपूरकडे अहिराणीत आणि रावेर-यावलकडे लेवा बोलीत, म्हणजे माणूस मोकळेपणाने मीठ जास्त झाल्याचेही सांगतो.

तेल महागले की किंमत वाढवावी की वजन घटवावे, हा प्रश्न येतोच. वजन घटवले तर नवे वजन ठळक छापावे. कोणताही बदल आधी एकाच लाईनवर करावा आणि तिथल्या पुन्हा येणाऱ्या ऑर्डरी व परतीचा माल महिनाभर दुसऱ्या लाईनशी ताडून पाहावा. ऑर्डरी टिकल्या, तरच पुढच्या महिन्यात इतर लाईनींवर तो लागू करावा.