आरोग्याचा उपक्रम राबवताय? या चुका टाळा

एक व्याख्यान, चार फलक, रविवारची एक फेरी आणि शेवटी ग्रुप फोटो. स्थानिक संस्थांचे बरेचसे आरोग्य उपक्रम इथेच आटोपतात आणि खापर फुटतं लोकांच्या आळसावर. मला हे पटत नाही. आळसाआधी आपलं नियोजन तपासायला हवं.

सगळ्यात मोठी चूक आपल्याच टेबलावर असते. ‘साखर कमी खा’ हे भाषण संपतं आणि दाराशी क्रीमची बिस्किटं अन् शीतपेयाचे ग्लास मांडलेले असतात. लोक भाषण विसरतात, ग्लास उचलतात. प्रत्येक बैठकीत पाणी सर्वांत पुढे ठेवा. फळं ठेवायची तर धुऊन, फोडी करून ठेवा. अख्खी फळं टोपलीत तशीच राहतात. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या आणि ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा, सुचवते. तो चमचा लोकांना प्रत्यक्ष भरून दाखवा, आकडा आपोआप लक्षात राहतो.

दुसरी चूक चालण्याच्या गटात दिसते. पुढचे चौघे झपाझप निघून जातात, मागे एखादी बाई धापा टाकत एकटीच चालत असते. तिसऱ्या आठवड्यात ती येत नाही आणि कुणी विचारतही नाही. म्हणून सर्वांत मागच्या माणसासोबत चालण्याची जबाबदारी एकावर सोपवा. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग पुरे. आठवड्याला किमान १५० मिनिटं हे उद्दिष्ट. ती थोडी थोडी केली तरी चालतात. याच संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी एका वेळी सलग दहा मिनिटांची अटही काढून टाकली.

वजन घटवण्याची स्पर्धा नकोच. सर्वांसमोर काट्यावर उभं राहायच्या धास्तीनेच ज्यांना गरज आहे ते दूर राहतात. मोजायचेच असतील तर हजेरीचे दिवस मोजा. मुलांना शिक्षा म्हणून पळवू नका.

गर्दी ओसरली तर नवा फलक छापण्याआधी न येणाऱ्यांना गाठा. वेळ जमत नाही, लहान मूल कुणाकडे ठेवायचं, वाटेवर अंधार असतो, अशी साधी कारणं निघतात. आणि मैदानाची किल्ली एकाच कार्यकर्त्याकडे नको. तो आजारी पडला की कुलूपबंद फाटकावरून लोक परत जातात.