झुआरीत तरंगला, समुद्रात का डगमगला? स्वस्त तराफा बांधताना या चुका टाळा

२०० लिटरची निळी पिंपं, वर फळ्या, नायलॉनची दोरी. गोव्याच्या झुआरी नदीत असा तराफा मजेत डुलतो. तोच नदीच्या मुखाशी असलेल्या दोनापावलाच्या पुढे, समुद्रात नेला आणि दुपारचा वारा सुटला, की वरचा माणूस कठडा सोडत नाही. मग ‘पिंपं कमी पडली’ म्हणत आणखी चार बांधली जातात. चूक तिथेच होते.

रुंद तराफा सहसा उलटत नाही, पण लाट तिरकी झाली की तोही तिरका होतो. म्हणून पिंपं वर नकोत, खाली, पाण्यात खोल बुडलेली हवीत. ती वरच्या फळ्यांना उभ्या बारीक खांबांनी जोडावीत, म्हणजे पाण्याच्या पृष्ठभागावर लाटेला फक्त खांब लागतात. वाऱ्याने उठणारी चार सेकंदांची लाट साधारण २५ मीटर लांब असते. चार मीटर खोलीवर तिची हालचाल जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते. अमेरिकेत १९६२ साली बांधलेलं १०८ मीटर लांबीचं ‘फ्लिप’ हे संशोधनाचं तरंगतं यान समुद्रात उभं राहायचं ते याच युक्तीने. आपल्याला अर्थात एवढं लांब जायचं नाही.

बारीक खांबांची किंमत मात्र मोजावी लागते आणि ती बहुतेक जण विसरतात. ३० सेंटिमीटर व्यासाचे चार खांब असतील, तर तराफा एक सेंटिमीटर बुडायला जेमतेम २.९ किलो पुरतात. ७० किलोचा एक माणूस चढला की २४ सेंटिमीटर खाली! तिघे चढले तर पाऊण मीटर गेलाच समजा. फळ्या त्या हिशेबाने उंच ठेवा.

आणि खांब एकमेकांच्या जवळ बांधू नका. उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूचा तोल सांभाळणारा ओंडका, होडीला चिकटवून बांधत नाहीत, लांब ठेवतात, ते उगाच नाही. अंतर दुप्पट केलं की खांबांचा कलण्याला होणारा विरोध चौपट होतो. सिमेंटचं वजन अगदी तळाला लटकवा.

तराफा दिवसेंदिवस एकाच बाजूला झुकतोय? वरचं सामान हलवण्याआधी पिंपं तपासा. अर्धवट भरलेल्या पिंपातलं पाणी खालच्या बाजूला धावतं आणि कल वाढवतं.

नांगराची दोरी ओहोटीला मोजून बांधली, तर भरतीला ती ताणते. इथे उधाणाला पाणी दोनेक मीटर चढतं. भरतीच्या खोलीच्या पाचपट तरी दोरी सोडा, तळाशी जड साखळी ठेवा. तरीही पावसाळ्याची पैज घेऊ नका. १ जूनला मासेमारीबंदी लागते, त्याआधी ट्रॉलर आत येतात. तराफाही तेव्हाच ओढून घ्या.