पान, लाकूड आणि शाई : काष्ठठशाने हाताने चित्र छापण्याची पद्धत

लाकडी ठशावरून कागदावर चित्र छापण्याचे तत्त्व साधे आहे. जो भाग पांढरा राहायला हवा तो कोरून काढायचा, उरलेल्या उंचवट्याला शाई लावायची आणि वर कागद ठेवून तो पाठीमागून घासायचा. एका शाईच्या ठशाला मधल्या छटा देता येत नाहीत, त्यामुळे समोर ठेवलेल्या झाडाच्या पानातले काय काळे ठेवायचे आणि काय पांढरे सोडायचे हे पटाशी हाती घेण्यापूर्वीच ठरवावे लागते, आणि नवशिक्याने सर्वांत जास्त वेळ याच कामाला द्यावा.

यासाठी पेन्सिलीऐवजी ब्रश आणि काळी शाई वापरावी. ठसठशीत शिरांचे एखादे पान उजेडासमोर धरून पाहिले, तर देठाजवळ जाड असलेली मधली शीर टोकाकडे निमुळती होत गेलेली दिसते आणि बऱ्याच पानांत उपशिरा कडेपर्यंत न जाता अलीकडेच वळून पुढच्या शिरेला मिळालेल्या असतात. हे वळण चित्रात आले की पान ओळखू येते. बारीक जाळी गाळली तरी बिघडत नाही. मात्र चित्र नेहमी प्रत्यक्ष वस्तू समोर ठेवूनच काढावे. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा स्वतः न पाहता, ऐकीव वर्णन आणि दुसऱ्याच्या रेखाटनावरून काष्ठचित्रासाठी काढला, तेव्हा त्याच्या पाठीवर एक जास्तीचे छोटे शिंग उगवले. पानाच्या बाबतीत तशी सबब आपल्याला देता येणार नाही.

छाप उलटी उमटते, म्हणून चित्र ट्रेसिंग पेपरवर घेऊन तो कागद पालथा घालावा आणि कार्बन पेपरच्या साहाय्याने लाकडावर उतरवावे. त्याआधी लाकडावर पातळ शाईचा हलका हात फिरवून ते वाळू दिले, तर कोरलेला भाग उजळ दिसून काम किती झाले ते कळत राहते. लाकूड मऊ, बारीक पोताचे आणि गाठी नसलेले घ्यावे. पृष्ठभागाचा थर पुरेसा जाड असेल तर प्लायवूडही चालते.

कोरताना प्रत्येक रेषेच्या दोन्ही बाजूंना सुरीने काप घ्यावा आणि सुरीचे पाते असे कलते धरावे की रेषेचा पाया माथ्यापेक्षा रुंद राहील. उभा किंवा आतल्या बाजूला कललेला काप घेतल्यास बारीक शीर घासण्याच्या दाबाखाली तुटून जाते. त्या कापाच्या समोरून दुसरा तिरका काप घेतला की इंग्रजी व्ही अक्षरासारखी चर तयार होते आणि लाकडाचा बारीक तुकडा अलगद सुटून येतो. तो ओढून काढावा लागत असेल, तर काप पुरेसा खोल गेलेला नाही असे समजावे. मोकळी जागा नंतर गोल पटाशीने साधारण दोन ते तीन मिलिमीटर खोल करावी. जागा जितकी विस्तीर्ण, तितकी खोली वाढवावी, कारण तिथे कागद खाली झुकून शाईला टेकतो. लाकडाच्या नैसर्गिक रेषांच्या दिशेने पटाशी सहज सरकते, पण आडवी नेल्यास कडा फाटतात, म्हणून वळणावर हात वाकडा करण्यापेक्षा ठसाच फिरवावा. दुसरा हात पात्याच्या मागेच असावा. बोथट पटाशी जास्त जोर मागते आणि तीच निसटून लागते, तेव्हा धार लावण्याचा कंटाळा करू नये.

ठळक रेषांच्या लाकडावर तारेचा ब्रश रेषांच्या दिशेने फिरवला, तर मऊ भाग झिजून कठीण रेषा वर राहतात. पाणी किंवा आकाश दाखवायचे असेल तिथे हा आयता पोत कोरलेल्या कोणत्याही लाटांपेक्षा मला अधिक आवडतो.

तेलाच्या छपाईच्या शाईचा पातळ थर काचेवर रोलरने पसरावा आणि रोलरचा आवाज एकसारखा, हलका चरचरता येऊ लागला की ठशावर दोन-तीन दिशांनी फिरवावा. पातळ पण चिवट कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासत जावे. एका हाताने कागद दाबून धरून कोपरा उचलून पाहता येतो. छाप ठिपक्याठिपक्यांची, फिकट असेल तर शाई किंवा दाब कमी पडला आहे, आणि बारीक चरी बुजल्या असतील तर शाई जास्त झाली आहे. पहिल्या एक-दोन प्रती कच्च्याच येतात, कारण कोरे लाकूड शाई पिते.

छापलेले कागद वाळायला काही दिवस लागतात. ठसा खाद्यतेल लावलेल्या फडक्याने पुसावा. पाण्याने धुतल्यास लाकूड फुगून वाकते, आणि वाकलेल्या ठशावर रोलर कडांनाच टेकतो.