सात दहाच्या आत रेडिओ बोलला पाहिजे : घरच्या वायफाय रेडिओची तयारी

आई लांज्याहून ठाण्याला कायमची राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात कापडी पिशवीत गुंडाळलेला ट्रान्झिस्टर होता. गावाला तो खिडकीत ठेवला की रत्नागिरी केंद्र खणखणीत लागायचं. इथे घोडबंदर रोडला, मानपाड्याच्या अकराव्या मजल्यावर, त्यातून नुसती खरखर यायला लागली. मीडियम वेव्हवरचं रत्नागिरी दिवसाउजेडी इतक्या लांब नीट पोचत नाही. जे थोडंफार पोचतं त्यावर घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, सेट-टॉप बॉक्स आणि भिंतींतल्या सळया पाणी फिरवतात. एफएम छान लागतं, पण एफएमवर मुंबई. आईला हवी होती रत्नागिरी, आणि सकाळी सात दहाच्या प्रादेशिक बातम्या.

म्हणून इंटरनेटवर चालणारा रेडिओ घ्यायचं ठरलं. ती म्हणाली, “अगं, रेडिओ कसा पाहिजे, कान पिळला की बोलला पाहिजे.” या एका वाक्यावर मी सगळी तयारी बेतली. घरातल्या म्हाताऱ्या माणसासाठी असा रेडिओ आणत असाल, तर त्यांच्या हातात तो जाण्याआधी काय काय करून ठेवायचं ते पुढे लिहिते आहे. त्यांना वायफाय, पासवर्ड, अपडेट हे शब्दसुद्धा ऐकायला लागू नयेत.

सगळ्यात आधी कागद-पेन घेऊन त्यांच्याजवळ बसा आणि कुठली केंद्रं ऐकायची ते विचारा. संच मागाहून. आमच्या कागदावर रत्नागिरी, मुंबईची अस्मिता वाहिनी, विविध भारती, पुणे केंद्र आणि सकाळच्या अभंगांसाठी एखादं भक्तिसंगीताचं स्टेशन एवढं आलं. मग आकाशवाणीचं ‘न्यूज ऑन एअर’ हे अॅप आपल्या मोबाइलवर घेऊन त्यातली एकेक वाहिनी दोन-तीन दिवस वेगवेगळ्या वेळी लावून बघा. राज्यातली बरीच केंद्रं त्यावर थेट ऐकू येतात. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे अॅपही २०२४ पासून आहे. मोबाइलवरच एखादं केंद्र अधूनमधून गप्प होत असेल तर तो दोष केंद्राच्या बाजूचा आहे, नवा रेडिओ आणून तो जाणार नाही. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर बिचाऱ्या संचावर राग निघतो.

आता खरेदी. इथे थोडं थांबून बघावं लागतं, कारण दुकानात ‘वायरलेस रेडिओ’ मागितला की बहुतेक वेळा समोर येतो तो एफएम असलेला ब्लूटूथ स्पीकर. त्याला मोबाइल जवळ लागतो आणि मोबाइल घेऊन आपण ऑफिसला गेलो की तो मुका होतो. खोक्यावर ‘वायफाय’ आणि ‘इंटरनेट रेडिओ’ हे दोन्ही लिहिलेलं आहे का ते बघा. परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेला संच असेल तर अॅडॉप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. तिथे १०० ते २४० व्होल्ट असं हवं. नुसतं ११० किंवा १२० लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो घालायचा नाही, त्याच मापाचा इथला अॅडॉप्टर घ्यायचा. घेताना व्होल्टेज अगदी तेवढंच हवं, अँपियर तेवढे किंवा जास्त हवेत, आणि पिनचं धन-ऋण जुळलेलं हवं. युरोपातून आलेल्या संचावर ‘डीएबी’ नावाचं, म्हणजे तिथल्या हवेतल्या डिजिटल रेडिओचं, बटण असतं. आपल्याकडे त्या पद्धतीचं नियमित प्रसारण नाही, तेव्हा त्या बटणावर काही लागलं नाही म्हणून संच बिघडला असं समजू नका.

याहून महत्त्वाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. रेडिओ स्टेशनं इंटरनेटवर सोडायच्या दोन तऱ्हा आहेत. एक साधी, सलग वाहणारी, एमपी३ किंवा एएसी स्वरूपातली. ती जुन्यातला जुना वायफाय रेडिओही वाजवतो. दुसरी म्हणजे आवाजाचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून, त्यांची यादी संचाला देत राहायचं. तिला एचएलएस म्हणतात आणि आकाशवाणीच्या वाहिन्या प्रामुख्याने याच वाटेने येतात. बऱ्याच जुन्या किंवा स्वस्त संचांना ती येतच नाही. आम्ही आणलेला पहिला संच असाच निघाला. जगभरची हजारो स्टेशनं त्यात होती, ब्राझीलची सांबागाणी स्वच्छ वाजत होती आणि रत्नागिरी काही केल्या लागत नव्हतं. आई दोन दिवस त्याच्याकडे बघत बसली. शेवटी तो परत केला. तेव्हा दुकानातच, पैसे देण्याआधी, आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून संच त्याला जोडा आणि आपल्या कागदावरचं पहिलं केंद्र तिथल्या तिथे लावून दाखवायला सांगा. दहा मिनिटं जातात, दुकानदार थोडा कुरकुरतो, पण ही एक परीक्षा संचाने पास केली की निम्मी चिंता संपते.

त्याच वेळी आणखी एक विचारून घ्या, की या संचाला स्टेशनांची यादी कुठून मिळते. वायफाय रेडिओच्या पोटात स्टेशनं भरलेली नसतात. चालू केला की तो कुठल्यातरी सर्व्हरला यादी मागतो. तो सर्व्हर बंद पडला तर धडधाकट संच निरुपयोगी होतो. ‘रेसिवा’ ही अशीच एक यादी पुरवणारी सेवा २०२१ मध्ये बंद झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेले अनेक कंपन्यांचे रेडिओ एकाएकी पोरके झाले. म्हणून जुना, स्वस्तात मिळणारा संच घेताना फार जपून. स्टेशनाचा पत्ता आपण स्वतः घालू शकतो असा संच मिळाला तर तो मला केव्हाही जास्त पसंत. संचासोबत एफएमही असावं. का ते पुढे येईलच.

संच घरी यायच्या आदल्या दिवशी राउटरकडे वळा. राउटर सहसा वायफाय दोन पट्ट्यांवर सोडतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. बरेच वायफाय रेडिओ फक्त २.४ वर चालतात, ५ त्यांना दिसत नाही. नेटवाल्याने दोन्हीला एकच नाव देऊन ठेवलेलं असेल तर काही संच गोंधळतात. अशा वेळी २.४ चं नाव वेगळं करून घ्यायचं. सुरक्षेचा पर्याय ‘डब्ल्यूपीए३’ एवढाच ठेवलेला असेल तर जुना संच जोडलाच जाणार नाही, ‘डब्ल्यूपीए२ आणि ३’ असा मिश्र पर्याय निवडा. पासवर्डचंही बघा. पासवर्ड घालायला बहुतेक संचांना एकच फिरतं बटण असतं आणि त्याने एकेक अक्षर शोधत बसावं लागतं. कॅपिटल, स्मॉल, डॉलर, हॅश असलेला वीस अक्षरी पासवर्ड घालताना घाम फुटतो. पाहुण्यांसाठीचं वेगळं नेटवर्क काढून त्याला लांब, पण फक्त छोटी अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड द्यावा असं मी सुचवते. त्यात एक मेख आहे : पाहुण्यांच्या नेटवर्कवरची उपकरणं सहसा घरातल्या मुख्य नेटवर्कवरच्या मोबाइलला दिसत नाहीत. मोबाइलवरच्या अॅपमधून रेडिओ चालवायचा विचार असेल तर तो मुख्य नेटवर्कवरच ठेवा.

आमच्यासारख्या टॉवरमध्ये किंवा कोपरखैरणे, सानपाड्याच्या खेटून बांधलेल्या घरांमध्ये मोबाइलवर वायफायची यादी उघडली की शेजाऱ्यापाजाऱ्यांची पंधरा-वीस नावं दिसतात. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. मोबाइलवरच्या एखाद्या वायफाय तपासायच्या अॅपने बघा कुठल्यावर गर्दी कमी आहे, आणि राउटर त्यावर पक्का करा. संध्याकाळी साडेआठला, सगळ्यांच्या घरी मालिका आणि मॅच चालू असताना बघा. दुपारी बघून उपयोग नाही.

जागा ठरवताना आईचा आग्रह होता स्वयंपाकघराचा, ओट्याच्या कोपऱ्यात. तिथे मायक्रोवेव्ह होता. मायक्रोवेव्ह साधारण त्याच लहरींवर काम करतो, त्यामुळे दूध गरम करायला लावलं की अभंग अडखळायचा. रेडिओ फ्रिजच्या मागे, लोखंडी कपाटाला चिकटून किंवा मोठ्या आरशाजवळ ठेवू नका. धातू लहरी अडवतो. रेडिओ ठेवायच्या जागी आधी मोबाइल ठेवून अॅपवर तासभर स्टेशन चालू ठेवलं की ती जागा कशी आहे ते कळतं. आमचा रेडिओ शेवटी जेवणाच्या टेबलामागच्या फळीवर आला, तिथून ओट्यापाशीही ऐकू येतो. वायर लोंबकळणार नाही आणि प्लग एक्स्टेंशन बोर्डाऐवजी भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसेल एवढंही बघा.

डेटाची चिंता फारशी करू नका. १२८ केबीपीएसचं (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट डेटा घेणारं) स्टेशन तासाला साधारण ५८ एमबी घेतं. दिवसाला आठ तास वाजला तरी महिन्याचे चौदा जीबी होतात.

लाइट मात्र जाते. महावितरणची देखभाल असते, पावसाळ्यात झाड पडतं, कुठे रस्ता खणताना केबल तुटते. राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाइट गेल्यावर वीज देणारा बॅटरीचा डबा, मिळतो. तो घेण्याआधी राउटरच्या अॅडॉप्टरवर काय लिहिलंय ते बघा, बहुतेकांना १२ व्होल्ट लागतात. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हीला वीज हवी, एकट्या राउटरला देऊन नेट चालत नाही. हे मला पहिल्या पावसात कळलं.

संच जोडला की पहिल्यांदा तो अपडेट मागेल. ते होऊ द्या, मधे प्लग काढू नका. भाषा निवडा आणि वेळेचा पट्टा अधिक साडेपाच तास असा ठेवा. उन्हाळी वेळेचा, म्हणजे उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करायचा, पर्याय बंद ठेवायचा. संचात खातं उघडावं लागलं तर ईमेल अशा माणसाचा द्या जो घरात कायम आहे, आणि पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा. मुलगा बेंगळुरूला गेला आणि त्याच्या ईमेलशिवाय नवं स्टेशन घालता येत नाही, असं व्हायला नको.

मग बटणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. आपल्या कागदावरची केंद्रं क्रमाने एक ते पाच अशी साठवायची, आणि पहिलं बटण म्हणजे त्यांचं सर्वांत लाडकं स्टेशन. आईच्या रेडिओवर एक म्हणजे रत्नागिरी. बटणांवर पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत ‘रत्ना’, ‘अस्मिता’, ‘विविध’ असं लिहिलं, कारण चष्मा नसतानाही वाचता आलं पाहिजे. आवाजाच्या सेटिंगमध्ये घुमणारा खर्ज कमी केला. वय झालेल्या कानाला बातम्यांतला शब्द कळायला तेच मदत करतं, नुसता आवाज वाढवून शब्द स्पष्ट होत नाही आणि शेजारी मात्र जागे होतात. सकाळचा गजर रेडिओवर लावणार असाल तर नेट नसताना तो काय करतो ते एकदा राउटर बंद करून तपासा. काही संच साधी पिपाणी वाजवतात, काही गप्प बसतात.

दोन गोष्टी त्यांना शांतपणे समजावून सांगा. बटण दाबल्यावर आवाज यायला पाच-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात पुन्हा दाबलं की तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो. मी आईला सांगितलं, दाब आणि दहा आकडे मोज. आणि इंटरनेटवरचा रेडिओ हवेतल्या रेडिओपेक्षा मागे असतो, कधी काही सेकंद, कधी मिनिटाच्या जवळपास. त्यामुळे बातम्यांआधीच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचं नाही. मॅचच्या दिवशी तर खालच्या मजल्यावर आरडाओरडा आधी होतो आणि विकेट आपल्याकडे मागाहून पडते.

शेवटी एक दिवस रंगीत तालीम घ्या. तुम्ही घरात आहात, पण दुसऱ्या खोलीत, आणि त्यांनी एकट्याने रेडिओ लावायचा. कुठे हात अडखळतो ते दारातून बघा आणि तेवढंच दुरुस्त करा. आई बंद करताना भिंतीवरचा खटका बंद करायची, तिच्या आयुष्यभराच्या सवयीने. मग सकाळी संच नव्याने नेटवर्क शोधत बसायचा आणि सात दहा निघून जायचे. ती सवय मोडायला मी तिला सांगितलं नाही, त्या खटक्यावर एक चिकटपट्टी लावली.

आणि ट्रान्झिस्टर टाकून देऊ नका. त्यातले जुने सेल काढून ठेवा, गळले तर आतली पट्टी खातात. नवे सेल पाकिटासकट त्याच्याच पिशवीत ठेवा. नव्या रेडिओत एफएम आहेच, नेट गेलं की त्याच संचावर चालतं. पण लाइट आणि नेट दोन्ही गेल्यावर हा ट्रान्झिस्टरच उपयोगी पडतो : १०२.८ वर विविध भारती. आईने तो पिशवीतून काढून आपल्या उशाशी ठेवलाय, सेल घालून.