ताकदीच्या व्यायामासाठी क्रिएटिन: घ्यावे का आणि कसे

व्यायामशाळेत नव्याने आलेल्या मुलांच्या हाती पहिल्याच महिन्यात पूरकांचे तीन-चार डबे दिले जातात, याचे वाईट वाटते. कारण ताकद वाढवण्यासाठी भक्कम शास्त्रीय आधार असलेली पूरके मोजकीच असून त्यांत क्रिएटिन मोनोहायड्रेट अग्रस्थानी आहे.

जड वजन उचलताना पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनच्या (क्रिएटिनच्या ऊर्जा साठवणाऱ्या रूपाच्या) साठ्यामुळे झटपट भरून निघते. क्रिएटिन घेतल्याने हा साठा वाढला की सेटच्या (सलग केलेल्या आवर्तनांच्या फेरीच्या) शेवटी वजन उचलण्याचे एखाद-दुसरे आवर्तन जास्त निघते आणि महिनोन्महिने साचलेल्या या जादा मेहनतीतून ताकद वाढते. साहजिकच, जो नियमाने वजन उचलत नाही त्याला या पावडरचा फारसा उपयोग नाही. क्रिएटिन आहारातून मुख्यतः मांस-मासळीतच मिळत असल्याने शाकाहारी व्यक्तींच्या स्नायूंत ते कमी असते, त्यामुळे त्यांना फरक अधिक जाणवू शकतो.

रोज 3 ते 5 ग्रॅम पावडर पाण्यात किंवा दुधात ढवळून घ्यावी, विश्रांतीच्या दिवशीही. वेळ कोणतीही चालते. साठा भरायला साधारण 3 ते 4 आठवडे लागतात. काही जण पहिले 5 ते 7 दिवस रोज 20 ग्रॅम चार भागांत घेतात, परंतु त्याने पोट बिघडू शकते आणि महिनाभराने दोन्ही पद्धतींनी घेणारे एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून ही घाई करू नये असे माझे मत आहे. सुरुवातीला स्नायूंत पाणी धरले जाऊन वजन किलो-दीड किलोने वाढू शकते. ते ध्यानात घेऊन वजनगटात खेळणाऱ्या कुस्तीगिरांनी स्पर्धेच्या तोंडावर सुरुवात करू नये. रक्ततपासणीत क्रिएटिनिन (क्रिएटिनपासून बनणारा टाकाऊ पदार्थ, ज्यावरून मूत्रपिंडाचे काम जोखतात) किंचित वाढलेले दिसू शकते, तेव्हा डॉक्टरांना कल्पना द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास त्यांच्या परवानगीशिवाय घेऊच नये.

त्याआधी जेवणाचा हिशेब मात्र करावा. शरीराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे 1.6 ग्रॅम प्रथिने, म्हणजे 60 किलोच्या व्यक्तीला दिवसाला सुमारे 96 ग्रॅम, डाळी, दूध, अंडी, सोयाबीन यांतून मिळत असतील तर व्हे प्रोटीनची (दुधापासून बनवलेल्या प्रथिन-पावडरीची) गरज नाही, आणि बीसीएएवर (प्रथिनांतील तीन अमिनो आम्लांच्या पूरकावर) पैसे घालवण्याचे तर कारणच नाही.

डब्यावर एफएसएसएआयचा (भारतीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) परवाना क्रमांक पाहावा. स्पर्धेत उतरणाऱ्यांनी प्रत्येक बॅचची उत्तेजक द्रव्यांसाठी स्वतंत्र तपासणी झालेलेच उत्पादन निवडावे. क्रिएटिनवर बंदी नाही, पण भेसळीतून बंदी असलेले द्रव्य शरीरात सापडल्यास त्याची जबाबदारी नियमांनुसार खेळाडूवरच येते.